जोडीदाराची विद्या : ताईची, कुस्ती आणि जुन्नर-आंबेगावची माती



मागच्या व्याख्यानात आपण जुन्नरची निजामशाही बघितली. व्याख्यान संपलं, लोक पांगले, आणि एक मुलगी मागे थांबली होती. आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीवरची, मंचरला कॉलेजात शिकणारी. म्हणाली, "सर, मी ताईची शिकतेय." मला क्षणभर कळेना. कुणाच्या ताईची काय? मग तिने मोबाईल काढून दाखवला. एक चिनी म्हातारा बागेत सावकाश हात फिरवत होता. तेव्हा उलगडा झाला की ही ताईची म्हणजे चिनी युद्धकला.

ती रोज पहाटे अंगणात एकटी तो सराव करते. कारण विचारलं तर म्हणाली, संध्याकाळी मंचरला एसटी बदलावी लागते, फाट्यावर उतरून पुढे अर्धा तास चालायचं, रस्त्याला दिवे नाहीत. मग तिने जो प्रश्न विचारला त्यावर आजचं सगळं व्याख्यान उभं आहे. "सर, व्हिडिओत सांगतात की पुढचं शिकायला जोडीदार लागतो. माझ्याकडे जोडीदार नाही. एकटीने करून भागेल का? आणि आपल्याकडे असं काही होतं का हो?"

मी व्यायामशिक्षक नाही, इतिहासाचा माणूस आहे. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे. स्वतःचं रक्षण करण्याची विद्या माणूस कसा शिकतो, ती कुठे टिकते, कुठे तिचं नुसतं नाव उरतं आणि ती कुणाला शिकू दिली जाते, याला इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या पायाखालच्या मातीतला आहे.

चीनमधली गोष्ट

आधी त्या म्हाताऱ्याकडे जाऊ. ताईचीचा माग काढत गेलं की आपण चीनच्या हनान प्रांतातल्या चेनजियागौ नावाच्या खेड्यात पोहोचतो. चेन आडनावाच्या लोकांचं गाव. सतराव्या शतकात तिथे चेन वांगतिंग नावाचा एक लढवय्या होऊन गेला, आणि चेन घराण्याची विद्या त्याच्यापासून सांगतात. म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे आणि शिवाजीराजे होते, साधारण तोच काळ. पुढे एकोणिसाव्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा माणूस त्या गावात ही विद्या शिकला आणि त्याने ती राजधानी बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू याने विसाव्या शतकात ती सामान्य शहरी लोकांपर्यंत पोहोचवली. सावकाश, गोल, कुणालाही जमेल अशी.

या विद्येचे दोन भाग आहेत. एक भाग एकट्याने करायचा, ठरलेल्या हालचालींची एक लांब माळ. दुसरा भाग दोघांनी करायचा. त्याला चिनी भाषेत तुईशौ म्हणतात. तुई म्हणजे ढकलणं, शौ म्हणजे हात. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट टेकवतात. एक जण रेटतो. दुसऱ्याने त्या रेट्याला रेटा द्यायचा नाही. मनगट सोडायचं नाही, कमरेतून वळायचं आणि समोरच्याचा जोर आपल्या बाजूने निघून जाऊ द्यायचा. समोरचा पुढे झुकला, त्याचा तोल गेला, की तिथे आपला हात. मग पाळी उलटी. सुरुवातीला पाय जागेवर ठेवून, पुढे पाय हलवत, आणि आणखी पुढे काहीही न ठरवता.

त्यांचे जाणकार सांगतात की तुईशौमध्ये शिकायचं असतं ते "ऐकणं". कानाने नाही, कातडीने. समोरच्याचा जोर कुठून निघाला, कुठे चाललाय, कधी संपणार, हे मनगटाला कळलं पाहिजे. आता बघा, हे एकट्याने शिकता येईल का? ऐकायला समोर कुणीतरी बोलणारा लागतो की नाही?

१९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा समितीने २४ हालचालींचा एक सोपा क्रम तयार केला. लोकांच्या आरोग्यासाठी. तो जगभर गेला, आणि त्याने म्हाताऱ्या माणसांचं भलंच झालं. पण झालं काय, की एकट्याचा भाग जगभर पोहोचला आणि दोघांचा भाग मागे राहिला. कारण उघड आहे. एकट्याचा भाग पुस्तकातून, चित्रातून, आता मोबाईलमधून पाठवता येतो. जोडीदार पाठवता येत नाही.

आंबेगावकरांना हे मी निराळं समजवायला नको. मूळ आंबेगाव हे गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण नाव अजून आंबेगावचंच आहे. कागदावर आंबेगाव, एसटीच्या पाटीवर आंबेगाव, आणि गाव पाण्यात. विद्येचंही असंच होतं. नाव वर तरंगत राहतं आणि गाव खाली जातं.

जुन्नरचा मलिक अहमद आणि तलवारीचं वेड

आता आपल्याकडे येऊ. मलिक अहमद आपल्याला मागच्या वेळी भेटला. बहमनी राज्यातला जुन्नरचा सुभेदार. शिवनेरी त्याने आधीच ताब्यात घेतला होता. २८ मे १४९० ला त्याने बहमनी फौजेवर पहाटे छापा घातला, तिचा मोड केला आणि तो अहमद निजामशहा झाला. सुरुवातीचा कारभार जुन्नरातून, मग १४९४ पासून नवं शहर वसवलं, अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर.

फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणी अहमदनगरात आला आणि तिथेच दरबारात वाढला. पुढे विजापूरला गेला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. तो या अहमद निजामशहाबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगतो. राजाला एकहाती तलवारबाजीचा भारी नाद होता. आणि यथा राजा तथा प्रजा! लहानथोर सगळे तेच करायला लागले. गल्लोगल्ली मदरशांऐवजी तलवारबाजी शिकवणारे आखाडे निघाले. चार माणसं जमली की विषय हाच. मग जो तो म्हणायला लागला, मीच भारी. तंटे व्हायला लागले, आणि तंटा राजापुढे गेला की राजा म्हणायचा, माझ्यासमोर खेळून दाखवा. ज्याचा वार आधी लागेल तो श्रेष्ठ.

रोज दरबारात पोरांची गर्दी. आणि रोज दोन-तीन मुडदे पडायला लागले. शेवटी राजालाच किळस आली. त्याने हे बंद केलं का? नाही. तो म्हणाला, माझ्यासमोर नको, किल्ल्यापुढच्या मैदानात खेळा. दोघांच्या मध्ये तिसऱ्याने पडायचं नाही, आणि कुणी मेला तर त्याच्या खुनाची दाद मागायची नाही. फिरिश्ता म्हणतो, ही वाईट चाल मग सगळ्या दख्खनभर पसरली. विजापूरच्या बाजारात क्षुल्लक कारणावरून पांढऱ्या दाढीची प्रतिष्ठित माणसं तलवारी उपसून भिडली आणि घटकाभरात सहा जण मेले, हेही त्याने लिहून ठेवलंय.

ही गोष्ट मी रंजनासाठी सांगत नाही. हिच्यात एक धडा आहे. जोडीदार असला म्हणजे झालं, असं नाही. त्या आखाड्यांत जोडीदार होता, पण मर्यादा नव्हती. आणि मर्यादा नसली की सराव उरत नाही, नुसती मारामारी उरते. रोज दोन-तीन पोरं मेली तर विद्या शिकून पुढे शिकवणार कोण?

म्हणून लोकांनी उपाय काढला. मर्दानी खेळांमध्ये फरीगदगा नावाचा प्रकार आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गदगा म्हणजे चामडं चढवलेली छडी, फरी म्हणजे छोटी ढाल. तलवारीचेच हात, शिर, तमाचा, बाहेरा अशी वारांची नावं, पण लागलं तर वळ उठेल, मान तुटणार नाही. घोडेस्वारांसाठी बोथाटी होती. बोथाटी म्हणजे टोकाला गोळा लावलेला भाला. गोळा रंगात बुडवायचा आणि कुणाच्या अंगावर किती ठिपके उठले ते मोजायचं. किती साधी युक्ती! समोरचा खरा, त्याचा विरोध खरा, फक्त हत्यार बोथट. म्हणजे चूक करता येते, आणि चूक करून उद्या परत येता येतं. शिकणं म्हणजे दुसरं काय असतं?

लाकडाचा जोडीदार

उत्तर पेशवाईत याच प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळालं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभट्टदादा देवधर होते. परंपरेत सांगतात की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले, त्यांनी आव्हान दिलं, आणि ते कुणी उचलेना. या तरुण ब्राह्मण मुलाने मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिला, तिथे त्याला लाकडी खांबावर डावांचा सराव करण्याची कल्पना सुचली. परत येऊन त्याने अलीला चीत केलं, आणि गुलाबने लढायलाच नकार दिला. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. पण मल्लखांबाची विद्या नीट बांधून, शिष्य तयार करून पुढे दिली ती बाळंभट्टदादांनी, हे नक्की.

नावच बघा ना. मल्लखांब म्हणजे मल्ल आणि खांब. खांबाला मल्ल मानायचं. त्याला मिठी मारायची, आढी घालायची, पायाने पकडायचं. खांब दमत नाही, रागावत नाही, मध्यरात्रीही तयार असतो. अंग लोण्यासारखं वळायला लागतं. पण खांब उलटा डाव टाकत नाही! म्हणून जुन्या तालमीत मल्लखांब कुस्तीच्या जोडीला होता, कुस्तीच्या ऐवजी नव्हता. आज मल्लखांब हा स्वतंत्र, देखणा खेळ झालाय, आणि झाला ते चांगलंच झालं. पण त्याच्यातला मल्ल गेला आणि खांब राहिला, हेही खरं.

हत्यारं गेली, माती राहिली

१८१८ ला पेशवाई बुडाली. शिवनेरी, चावंड, हडसर हे सगळे किल्ले इंग्रजांनी घेतले, पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले. हत्यार बाळगणाऱ्या माणसाची नोकरीच गेली.

डोंगरातली माणसं मात्र लगेच गप्प बसली नाहीत. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला जांभोरी नावाचं गाव आहे. तिथला होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी तरुण १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला. सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी सरकारी गॅझेटियरमध्ये आहेत. १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडलं. १८७९ ला वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. या दोन्हींच्या मध्ये, १८७८ ला, व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही.

फडके पुण्यात ज्या तालमीत तयार झाले, ती गंज पेठेतली लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम. लहुजी मातंग समाजाचे. महात्मा फुलेही त्यांच्याकडे शिकले. ज्या काळात विहिरीवरचं पाणी एक नव्हतं, त्या काळात ब्राह्मणाचा मुलगा, माळ्याचा मुलगा आणि मातंगाचा मुलगा एका वस्तादासमोर उभे राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

शस्त्रांच्या कायद्यानंतर काय झालं? पट्टा, विटा, तलवार हळूहळू तालमीतून मिरवणुकीत गेली. मोहरमच्या, गणपतीच्या, शिवजयंतीच्या मिरवणुकीत. आता समोर जोडीदार नव्हता, प्रेक्षक होता. आणि प्रेक्षकासाठी खेळायला लागलं की हात बदलतात. पट्टा जास्त वेगाने फिरतो, जास्त उंच फिरतो, पण कुणाला चुकवण्यासाठी फिरत नाही. कोल्हापुरात आणि इतरत्र काही वस्तादांनी ही विद्या जिवापाड जपली म्हणून ती आज दिसते तरी, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण बहुतेक ठिकाणी गाव पाण्याखाली गेलं आणि पाटी राहिली.

विसाव्या शतकात शिक्षित लोकांनी व्यायामाची चळवळ उभी केली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी संघव्यायाम बसवला. हिंदी हुकुमांवर शेकडो मुलं एकदम हात उचलतायत, एकदम वळतायत. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे आपले खेळ करून दाखवले. गुलामीतल्या लोकांना सरळ उभं राहायला या चळवळीने शिकवलं, त्याचं मोल कमी नाही. पण रांगेत प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पाठीवर असते. समोरच्याच्या डोळ्यात बघायची वेळ येत नाही.

या सगळ्यात जोडीची विद्या टिकली कुठे? मातीत. कुस्तीत. का? कुस्तीला हत्यार लागत नाही, म्हणून कायदा आडवा येत नाही. आणि कुस्ती नुसती दाखवता येत नाही. समोर दुसरा आहे, त्याला जिंकायचंय. तो तुमच्या सोयीने पडणार नाही.

हगाम्यातली खडाखडी

आपल्याकडच्या यात्रा तुम्हाला माहीतच आहेत. चैत्र-वैशाखात गावोगाव. सकाळी देवाचा अभिषेक, मग बैलगाडे, रात्री नारायणगावच्या फडांचा तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा. वावरात माती भुसभुशीत करायची, भोवती माणसांचं कडं. सुरुवातीला चिल्ल्यापिल्ल्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनाम वाढत जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम कुणाचं? जोड लावणाऱ्या पंचाचं. दोन पोरं शेजारी उभी करायची, वजन, उंची, अंगलट बघायची, कधी दंडाला हात लावून बघायचा. बरोबरीची नसली तर, "नाही, ही जोड होत नाही," म्हणून परत पाठवायचं. हरलेल्यालाही मान खाली घालावी लागू नये, ही काळजी त्यात आहे.

सलामी झाली की लगेच डाव लागत नाही. आधी खडाखडी. हाताला हात, पंजात पंजा, मानेवर हात, कपाळाला कपाळ. नवख्याला वाटतं, हे नुसते उभे आहेत, कुस्ती कधी सुरू होणार? अहो, कुस्ती तीच! दोघं एकमेकांचा अंदाज घेतायत. हा कुठल्या पायावर भार देतो, मान ओढली की पुढे येतो की मागे बसतो, दम किती आहे. चिनी माणूस ज्याला मनगटाने ऐकणं म्हणतो, ते आपला पैलवान खडाखडीत मानेने आणि पंजाने ऐकतो. आणि समोरचा जोरात रेटत आला की त्याच्याच रेट्यावर ढाक लागते. ताकदीला ताकद नाही, ताकदीला वळण.

फरक आहेच. तुईशौमध्ये सावकाशीपासून सुरुवात करतात आणि हळूहळू विरोध वाढवतात. कुस्तीत विरोध पहिल्यापासून जास्त. पण तालमीतला सराव बघा, हगाम्यातली कुस्ती नाही. तिथे थोरला मल्ल पोराला अंगाखाली घेऊन खेळवतो. आधी डाव लागू देतो, मग अर्धा लागू देतो, मग तोड दाखवतो, मग अजिबात लागू देत नाही. प्रत्येक डावाला तोड आणि तोडीलाही तोड. हौद्यातली माती ताक, तेल, हळद, कापूर घालून मऊ केलेली असते, का? पडणाऱ्यासाठी. पाठ टेकली की कुस्ती संपली, पुढे मारायचं नाही, हीसुद्धा मर्यादाच. अहमद निजामशहाच्या आखाड्यात जे नव्हतं ते हेच. चारशे-पाचशे वर्षांत लोकांनी ते हळूहळू कमावलं. खरा विरोध आणि पक्की मर्यादा, दोन्ही एका हौद्यात.

कुस्ती म्हणजे संपूर्ण स्वसंरक्षण नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. तिच्यात ठोसा नाही, हत्यार नाही, समोर एकच माणूस आणि तोही सलामी देऊन आलेला. अंधाऱ्या फाट्यावर कुणी सलामी देत नाही. पण परक्या माणसाचा हात अंगावर पडल्यावर शरीर गोठून न जाणं, तोल न जाणं, पकड सोडवून घेता येणं, हे ज्याने रोज कुणाशी तरी झटून पाहिलंय त्यालाच जमतं.

जोडीदार कुणाला मिळाला?

आता मूळ मुद्दा. ती मुलगी म्हणाली, माझ्याकडे जोडीदार नाही. मी घरी जाऊन विचार करत बसलो. आपल्या भागात तालमी होत्या, माती होती, वस्ताद होते, यात्रा आहेत. मग हिच्याकडे जोडीदार का नाही?

कारण जोडीदार ही नुसती सोय नाही, ती परवानगी आहे. अंगाला अंग लावू द्यायचं म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचं मानायचं. ज्या समाजात सावलीचाही विटाळ होता, तिथे मातीत कुणी कुणाला हात लावायचा हा साधा प्रश्न नव्हता. म्हणून लहुजी वस्तादांची तालीम मला इतकी मोठी वाटते. तिथे पट्टा शिकवला हे तर आहेच, पण तिथे जोड लावली गेली. आणि बाईला तर माती पूर्ण बंदच. राणी लक्ष्मीबाई लहानपणी शस्त्रं आणि मल्लखांब शिकल्या हे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्याच तोंडाने कित्येक तालमींत बाईने पाऊल टाकायचं नाही असा दंडक पाळतो. मीही लहानपणी तालमीत जात होतो. माझी थोरली बहीण दारातून डबा देऊन परत जायची. तिला आत यावंसं वाटत असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आज विचारायला ती नाही.

काळ बदलतोय, हे खरं आहे. शेजारच्या खेड तालुक्यात, आळंदीला मुली कुस्ती शिकतायत. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती गदा घेतली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. म्हणजे मुलींना बासष्ट वर्षं थांबावं लागलं.

त्या मुलीला उत्तर

तर आता उत्तर. बाई गं, तू पहाटे जे करतेस ते सोडू नकोस. पाय घट्ट होतात, श्वास शांत राहतो, तोल कळतो. पण एवढ्यावर रात्रीच्या फाट्यावर भरवसा ठेवू नकोस. इतिहास सांगतो की जोडीदाराशिवाय ही विद्या नाच होते, आणि मर्यादेशिवाय ती हाणामारी होते.

जोडीदार शोध. तुझ्याच एसटीत, तुझ्याच फाट्यावर उतरणाऱ्या आणखी दोन-तीन मुली असतील. चिनी पद्धतीने मनगटाला मनगट लावून सुरुवात करा. आधी ठरवून घ्या, काय करायचं आणि काय नाही. एकीने "बस" म्हटलं की दोघींनी थांबायचं. आधी सावकाश, मग थोडा जोर, मग न सांगता. एकाच जोडीदाराची सवय लावून घेऊ नका, बदलत राहा. उंच, ठेंगणी, जाड, बारीक. मनगट धरलं तर कसं सोडवायचं, मागून धरलं तर काय, हे जाणत्या शिक्षकाकडून, शक्य तर कुस्ती किंवा ज्युदो शिकलेल्या बाईकडून शिकून घ्या. पडायला आधी शिका, तेही मऊ मातीवर.

आणि कायदाही माहीत असू दे. स्वतःच्या शरीराच्या रक्षणाचा हक्क आपल्याला कायद्याने दिलाय. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ झाली. त्याच्यातही मर्यादा आहे. रक्षणाला लागेल तेवढाच बळाचा वापर, जास्त नाही. म्हणजे कायदासुद्धा हौद्यासारखाच आहे. सगळ्यात पहिला डाव मात्र पळण्याचा आणि ओरडण्याचा. ११२ नंबर हाताशी ठेवणं यात काही कमीपणा नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी रात्री दोर लावून हे जुन्नर शहर मारलं, दोनशे घोडे आणि तीन लाख होन घेतले, आणि मोगलांची कुमक यायच्या आत निघून गेले. कुठे थांबायचं आणि कुठून निघायचं, हे कळणं ही सगळ्यात मोठी युद्धविद्या.

आणि आता तुम्हाला, बाकीच्या मंडळींना. ही जबाबदारी त्या एकट्या मुलीची नाही. दिवे लावणं ग्रामपंचायतीचं काम आहे, ते मागून घ्या. आणि तुमच्या गावात तालमीची इमारत असेल, बहुतेक ठिकाणी आहे, कुठे तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात, कुठे मंडळाचे स्पीकर. दार उघडा, माती खणा, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी ती मुलींना द्या. यात्रेच्या हगाम्यात पंच जोड लावतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. गावाने एवढी एक जोड लावून दिली तर त्या मुलीला पहाटे अंगणात एकटं हात फिरवत बसावं लागणार नाही.

मी तिला सांगितलंय, पुढच्या व्याख्यानाला मैत्रिणीला घेऊन ये. बघू, दोघी येतात का.